एकसष्ट वर्षांची बेबी

माझी रजा संपायला बारा दिवस उरले होते आणि चिमीला सांभाळणारं कुणी मिळत नव्हतं. चिमी तेव्हा आठ महिन्यांची. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बाटल्यांवरची लेबलं वाचायची आणि आतलं पाणी त्या लेबलाशी इमान राखून आहे का ते बघायचं, हे माझं काम. पण त्या बारा दिवसांत माणसांची जेवढी लेबलं वाचली तेवढी आयुष्यात कधी वाचली नव्हती.

घरी मुलं सांभाळणाऱ्या बायका स्वतःबद्दल काय काय सांगतात, हा एक स्वतंत्र विषय आहे. पहिल्या घरी एका पोरसवदा मुलीनं दार उघडलं. मी विचारलं, "आई आहे का घरात?" ती गोरीमोरी झाली. म्हणाली, "पाळणाघर माझंच आहे. मी अठ्ठावीसची आहे." नाकावर जाड चष्मा होता, पण घड्याळ बघायचं झालं की ती चष्म्याच्या वरून बघायची. दुसऱ्या घरी भिंतभर प्रमाणपत्रं टांगली होती. चिमीला कडेवर घेऊन मी एकेक वाचत गेले. टंकलेखन, पोहणं, केकची सजावट, आणि एक तर त्या बाईंच्या नवऱ्याचं निघालं. तिसऱ्या बाईंना वय विचारलं तर "लहान मुलांत राहिलं की आपणही लहानच राहतो" म्हणून त्यांनी चहा पुढे केला. चौथ्या म्हणाल्या, "मला आईच्या जागी समजा हो." त्या माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या असतील.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "तरण्या बायका वय चढवतात, म्हाताऱ्या उतरवतात आणि सगळ्याजणी चाळिशीच्या आसपास येऊन एकमेकींना भेटतात."

तो म्हणाला, "मग तू विचारू नकोस वय."

"न विचारून कसं चालेल? पोर ठेवायचंय!"

आता वाटतं, चूक आमच्याकडूनच सुरू होते. लहान वयाच्या मुलीला आम्ही विचारतो, "तुला स्वतःचं मूल आहे का?" आणि वयस्कर बाईला विचारतो, "तुम्हाला झेपेल का?" दोन्ही प्रश्नांना खरं उत्तर दिलं की पुढचं बोलणं होतच नाही.

बेबीमावशीचा कागद मला औषधाच्या दुकानाच्या काचेवर दिसला. सुबक छापलेला. "घरगुती पाळणाघर. वय ५१. बालरुग्ण विभागातील २६ वर्षांचा अनुभव." मी तिथूनच फोन लावला.

घर तळमजल्यावर होतं, शिलाईच्या दुकानामागे. दोन खोल्या आणि एक अरुंद अंगण. दार उघडणारी बाई ठेंगणी, काळेभोर केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. माझ्याशी बोलायच्या आधी तिनं हात धुतले, तेही कोपरापर्यंत, नखं घासून, आणि मगच चिमीकडे हात पसरले. चिमी गेली. चिमी तेव्हा कुणाकडेच जात नव्हती, स्वतःच्या आजोबांकडेसुद्धा नाही.

"मला सगळे बेबीच म्हणतात," ती म्हणाली. "पाच भावंडांत शेवटची. म्हातारी झाले तरी नाव काही मोठं होत नाही."

मी खोलीभर नजर फिरवली. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या कापडाच्या घड्या बांधल्या होत्या. दाराच्या फटीत पोरांची बोटं सापडू नयेत म्हणून बागेला पाणी घालायची नळी उभी चिरून बिजागरीवर बसवली होती. खुंट्या पोरांच्या उंचीवर, प्रत्येकीवर वेगळं चित्र. दाराजवळ पाटी टांगलेली आणि त्यावर खडूनं लिहिलेलं: कोण किती झोपलं, कुणी किती दूध प्यायलं, कुणाचं पोट बिघडलं.

मी प्रश्नांची यादी नेली होती. ती खिशातच राहिली, कारण प्रश्न तीच विचारत होती. झोपताना कानाला हात लावते का? दूध संपल्यावर बाटली फेकते की धरून ठेवते? अनोळखी आवाजानं दचकते का? शेवटी मी एकच विचारलं, "दवाखान्यात तुम्ही नर्स होतात?"

तेवढ्यात आतल्या खोलीत एक पोर रडलं. ती चिमीला घेऊन उठली आणि जाता जाता म्हणाली, "वॉर्डात होते. सव्वीस वर्षं."

नर्स हा शब्द मी उच्चारला होता. तिनं तो खोडला नाही, एवढंच. मी मात्र घरी, कार्यालयात, शेजारी सगळीकडे सांगत सुटले की आमच्या चिमीला नर्स सांभाळते.

पुढचे सहा महिने मी निर्धास्तपणे कामावर गेले. चिमी तिथे बसायला शिकली, रांगायला शिकली, गाजर चघळायला शिकली. पहिलं पाऊलही तिथेच टाकलं असावं असा मला दाट संशय आहे, कारण एका संध्याकाळी मावशी म्हणाली, "आज उद्यात चालेल बरं का, लक्ष ठेवा." दुसऱ्या दिवशी चिमी आमच्या घरात चालली आणि आम्ही दोघं वेड्यासारखे नाचलो. ते पहिलं पाऊल मावशीनं आमच्यासाठी राखून ठेवलं, हे मला खूप उशिरा उमगलं.

चिमी चौदा महिन्यांची असताना तिला ताप भरला आणि रविवारी दुपारी माझ्या मांडीवर झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठ, ओठ निळसर. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबला होता. डॉक्टरांनी समजावलं की काही मुलांना तापात असं होतं, मोठी झाली की बहुतेकांचं जातं. पण पुन्हा झालं आणि पाच मिनिटांत थांबलं नाही, तर गालाच्या आत सोडायचं एक औषध त्यांनी लिहून दिलं.

"दिवसा कोण सांभाळतं?"

"पाळणाघर आहे. त्या नर्स आहेत," मी अभिमानानं सांगितलं.

"मग प्रश्नच मिटला. हा फॉर्म त्यांच्याकडून भरून आणा."

सोमवारी मी औषध आणि फॉर्म मावशीच्या हातात ठेवला. त्यात मूल सांभाळणाऱ्याचं नाव, वय, शिक्षण आणि परिचारिका असल्यास नोंदणी क्रमांक असे रकाने होते. मावशीनं फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला. तिचा चेहरा एकदम उतरला.

"बरं वाटत नाहीये का मावशी?"

"नाही, ठीक आहे. ठेवा इथे. उद्या देते."

मंगळवारी सकाळी साडेसहाला आमच्या दारावर टकटक झाली. मावशी उभी. आमच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. हातात कापडी पिशवी. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाली. स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि पिशवीतून एक जुनी, कोपरे दुमडलेली नोकरीची वही काढून माझ्यासमोर ठेवली.

"चिमीची आई, मी नर्स नव्हते. मदतनीस होते. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, बाटल्या उकळायच्या, पोरांची ढुंगणं धुवायची. शाळा सातवीपर्यंत. आणि मी एकावन्नची नाही. एकसष्टची आहे. या वहीत जन्मतारीख आहे, बघून घ्या."

मी वही उघडली नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती: मी माझं पोर ज्या बाईकडे सोपवलं ती बाई जगात नाहीच.

"सहा महिने!" मी ओरडले. आतून नवरा धावत आला. "सहा महिने तुम्ही मला फसवत होतात?"

"हो," ती म्हणाली.

तिनं सबब सांगितली असती तर मला भांडता आलं असतं. शेवटी मीच विचारलं, "का पण?"

मग तिनं सांगितलं. निवृत्त झाली तेव्हा ती अठ्ठावन्नची होती. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. दिवसभर घरात बसून हात शिवशिवायचे. तिनं स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून दुकानात लावला: वय ५९, शिक्षण सातवी, दवाखान्यात मदतनीस होते, मुलं सांभाळीन. तीन महिने कागद पिवळा पडेपर्यंत राहिला. दोघींनी फोन केले. एकीनं विचारलं, "फरशा पुसायचं काम कराल का?" दुसरीनं वय ऐकून ठेवून दिला. मग भाची आली. भाची एका कार्यालयात कारकून, हुशार. तिनं नवा कागद छापून आणला. "मावशी, बालरुग्ण विभागात तू होतीस ना? सव्वीस वर्षं होतीस ना? मग यात खोटं अक्षर एकही नाही. वयाचे दहा मी माझ्याकडून कमी केलेत, ती माझी भेट समज." दुसऱ्याच दिवशी तीन फोन आले.

"आणि दरवर्षी?" नवऱ्यानं विचारलं. "म्हणजे, कागदावर वय बदलत होतात?"

"वाढदिवस झाला की एक वाढवायचे," ती गंभीरपणे म्हणाली. "एकोणपन्नासचं पन्नास केलं, पन्नासचं एकावन्न. तेवढं तरी नीट असावं म्हणून."

नवऱ्याला हसू फुटलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की ते तिथेच विझलं.

"मी फॉर्म आणला नसता तर?" मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "तर सांगितलं नसतं. आता खोटं कशाला बोलू? बाकी सगळं मला येतं, चिमीची आई. पण हे औषध कसं द्यायचं ते मला माहीत नाही. वॉर्डात आम्हाला औषधाला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्ही मला नर्स समजून ते माझ्या हातात ठेवलंत आणि मला रात्रभर तेच दिसत राहिलं. तुमच्या पोरीच्या जिवाशी मला अंदाजानं वागता येणार नाही. तुम्ही तिला आज नेलंत तरी मी मनात काही ठेवणार नाही."

ती गेली. औषधाची पेटी टेबलावर ठेवून गेली.

मी आठवडाभराची रजा टाकली. रागाच्या भरात दोन नवी पाळणाघरं बघून आले. दोन्हीकडे जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडे मी दाराच्या बिजागऱ्याच बघत होते. चिमी सकाळी आठ वाजता चपला घेऊन दाराशी जाऊन बसायची. "माची" म्हणायची. मावशीचं ते तिचं नाव.

गुरुवारी मी ठरवलं की रुसून बसण्यापेक्षा तपासून बघावं. तपासणं मला जमतं. मी चिमीला घेऊन मुलांच्या दवाखान्यात गेले आणि बालरुग्ण विभागाच्या मोठ्या सिस्टरना भेटले. पांढऱ्या केसांची, उंच, आवाजात जरब असलेली बाई. मी बेबीमावशीचं नाव सांगितलं तसा तिचा चेहराच बदलला.

"बेबी! कशी आहे ती?"

"ती इथे नक्की काय काम करायची?"

"मदतनीस. का?"

मी सगळं सांगितलं. सिस्टर ऐकत होत्या, हातातलं पेन उघडत-मिटत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "चुकलं तिचं. मी असं म्हणाले म्हणून सांगा तिला. नर्स नसताना नर्स समजू देणं फार वाईट. उद्या कुणीतरी भलतंच करून बसतं."

माझ्या मनातलंच कुणी बोललं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"पण आता दुसरं ऐका," सिस्टर म्हणाल्या. "नव्या पोरी नर्सिंग करून यायच्या, पुस्तकं तोंडपाठ, पण दोन किलोचं मूल हातात दिलं की थरथरायच्या. मी त्यांना बेबीकडे पाठवायची. मूल कसं उचलायचं, मान कुठे धरायची, रडणं भुकेचं की दुखण्याचं, ते तिनं दाखवायचं. एकदा पुसत पुसत ती एका खाटेपाशी थांबली आणि मला बोलवायला आली. म्हणाली, हे पोर गप्प आहे, पण झोपलेलं नाही. आम्ही सगळे तिथून दहा वेळा गेलो होतो. त्या पोराला त्याच तासाला खाली अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. वाचलं. त्या दिवसाच्या कागदावर सही माझी आहे, डॉक्टरांची आहे. तिची नाही. तिला कसल्या कागदावर सही करायला मिळायचीच नाही."

"आणि त्या औषधासाठी नर्स कशाला लागते?" सिस्टर पुढे म्हणाल्या. "आयांना शिकवतोच की आम्ही. तुम्हाला शिकवलं का कुणी?"

"चिठ्ठी दिली."

"चिठ्ठीनं काय होतंय! उद्या शुक्रवारी दुपारी या दोघी. तिला सांगा, सिस्टरनी बोलावलंय. यायचंच."

मी त्याच पावली मावशीकडे गेले. दारावर नवा कागद होता, तिच्याच अक्षरात, जरा तिरका. "वय ६१. शिक्षण सातवी. मुलांच्या दवाखान्यात २६ वर्षे मदतनीस. मी नर्स नाही." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

आत फक्त दोनच मुलं होती. तिनं सगळ्या आईबापांना, मुलं न्यायला आले तसं, एकेकाला दारात उभं करून सांगितलं होतं. दोन घरं विचार करून कळवतो म्हणाली होती. एका घरानं त्याच क्षणी खुंटीवरची पिशवी काढून घेतली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. त्या आईला मी दोष देत नाही. मीही तेच केलं होतं. घड्याळाचं दुकान असलेला एक बाप होता. त्याची तीन वर्षांची लेक फार उशिरा बोलायला लागली होती. तोही तिला घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आला आणि म्हणाला, "घरी ही कुणाशी बोलत नाही. तुमच्याकडेच बोलते. ठेवून घ्या." एवढं बोलून तो दुकान उघडायला गेला.

मी सिस्टरचा निरोप सांगितला. आधी "चुकलं तिचं" हा, मग दुसरा. मावशी खालच्या मानेनं ऐकत होती. शुक्रवारचं ऐकल्यावर तिनं वर बघितलं.

"मला शिकवणार? मला?"

"दोघींना."

"मी विसरले तर?"

"मग मीही विसरेन. दोघी मिळून सिस्टरच्या शिव्या खाऊ."

शुक्रवारी ती धुतलेले कपडे घालून आली. वॉर्डातल्या भिंतीकडेला पालकांसाठी खुर्च्या असतात. मी बसले. ती उभीच.

"बस की बेबी," सिस्टर म्हणाल्या.

"या खुर्च्या पालकांच्या आहेत."

"मग आज तू पालक. बस."

ती बसली. सव्वीस वर्षं त्या खुर्च्या तिनं पुसल्या होत्या, पण बसली पहिल्यांदाच. सिस्टरनी एक बाहुली आणली. पोर कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, आधी घड्याळ बघायचं, पाच मिनिटं झाली तरच औषध, ते गालाच्या आत कुठे आणि किती हळू सोडायचं, आणि लगेच रुग्णवाहिकेला फोन. मला तीनदा करून जमलं. मावशीनं अकरा वेळा केलं. आठव्या वेळेला अगदी बरोबर झालं होतं, तरी ती म्हणाली, "आणखी करते. हात मोजत होता, मन मोजत नव्हतं." शेवटी सिस्टरनी फॉर्म ओढून घेतला आणि मावशीला विचारून विचारून भरला. वय एकसष्ट. शिक्षण सातवी. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात रेघ मारली आणि खाली लिहिलं, "औषध देण्यास माझ्यासमोर शिकली. उत्तम." आणि सही केली. मग पेन मावशीपुढे धरलं. मावशीनं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, आणि शेवटी टिंब दिलं.

सोमवारपासून चिमी पुन्हा तिच्याकडे जायला लागली.

खऱ्या वयाचा एक फायदा मला तेव्हा कळला, जो आधी कुणाच्याच लक्षात आला नव्हता. पूर्वी ती सहा मुलं घ्यायची. आता चारच घेते म्हणाली. "एकावन्न सांगितलं होतं ना, मग एकावन्नच्या बाईसारखं धावायला नको का? तुम्ही लोक यायच्या वेळेला मी मुद्दाम उभी राहायचे, खाली बसले तर गुडघ्यावर हात ठेवून उठताना दिसेन म्हणून." आता ती आमच्यासमोर बिनधास्त हुश्श करून बसायची आणि उठताना एखाद्या बापाला "हात द्या हो" म्हणायची. केसांना रंग लावणं तिनं सोडलं. काही महिने डोकं अर्धं पांढरं, अर्धं काळं होतं. घड्याळवाल्याच्या लेकीनं, जी कुणाशी बोलायची नाही, एक दिवस मोठ्यानं सांगितलं, "मावशी, तुझ्या डोक्यावर पावडर सांडलीय." आणि ती झटकायला खुर्चीवर चढली. मावशीनं ते पाटीवर लिहिलं, पूर्ण वाक्य. संध्याकाळी बापानं वाचलं आणि बराच वेळ पाटीसमोर उभा राहिला. त्याच्या लेकीचं ते पहिलं लांबलचक वाक्य होतं.

चिमी दोन वर्षांची व्हायला आठवडा होता तेव्हा माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सकाळचे साडेअकरा. पलीकडून मावशीचा आवाज, एकदम स्थिर.

"चिमी बरी आहे. हे आधी ऐका. आता सांगते."

सकाळी ताप नव्हता, अंगही गार होतं. अकराला एकाएकी चढला आणि अकरा वीसला झटका आला. मावशीनं तिला कुशीवर वळवलं, घड्याळाकडे बघितलं, औषध उघडून हाताशी घेतलं, शेजारच्या शिंप्याला हाक मारून बाकीच्या मुलांना अंगणात न्यायला सांगितलं. आणि मग ती वाट बघत बसली. एक मिनिट. दोन. तीन. मी नंतर शिंप्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी ओरडत होतो, द्या ना ते औषध, द्या ना! ती बाई मान हलवून नाही म्हणाली. घड्याळावरची नजर हलवली नाही." चौथं मिनिट पुरं व्हायच्या आत चिमीचे हात सैल पडले, श्वास मोठा झाला, तिनं डोळे उघडले. औषध द्यायची वेळ आलीच नाही. मावशीनं ते बंद करून पुन्हा पेटीत ठेवलं.

मी धावत पोचले तेव्हा चिमी तिच्या मांडीवर पेंगत होती. पाटीवर लिहिलं होतं: "११.२० सुरू. ११.२४ थांबलं. औषध दिलं नाही. डॉक्टरना फोन केला. ११.४० ला बोलली: पाणी." अक्षर जराही हललेलं नव्हतं. मी मावशीचे हात धरले. "मावशी," एवढंच तोंडातून आलं आणि पुढचं रडण्यात गेलं.

"रडा," ती म्हणाली. "मीही रडणार आहे, पण पोरं झोपली की."

दवाखान्यात डॉक्टरांनी पाटीवरची वेळ माझ्याकडून लिहून घेतली. ते म्हणाले की इतकी नेमकी माहिती आईबापांकडूनही मिळत नाही, घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. "ज्यांनी हे लिहिलं त्यांचं शिक्षण काय?" त्यांनी विचारलं.

"सातवी," मी म्हटलं. "आणि शुक्रवारची एक दुपार."

त्यानंतर चिमीला कधी झटका आला नाही. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती मावशीकडेच होती. मावशीनं पाळणाघर अडुसष्टाव्या वर्षापर्यंत चालवलं, चार मुलं घेऊन, आणि तिच्याकडे नाव घालण्यासाठी बायका पोटुशी असतानाच येऊन जायच्या. शेवटची दोन वर्षं तिच्या मदतीला मी पहिल्या घरी पाहिलेली ती चष्मेवाली मुलगी होती. मीच दोघींची गाठ घालून दिली. पोरीकडे बालसंगोपनाची पदविका होती, तीही खरी, हातही चांगला होता, फक्त कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मावशीनं तिला पहिल्या दिवशी विचारलं, "खरं वय किती ग?" तिनं सांगितलं. "मग तेच सांगत जा," मावशी म्हणाली, "मला बघ किती धावायला लागलं." आता ते पाळणाघर ती पोरगीच चालवते.

मी कामावर गेले, बढती घेतली, दुसऱ्या शहरातल्या परिषदेला चार दिवस जाऊन आले, रोज रात्री शांत झोपले. हे सगळं माझ्या कर्तबगारीत मोजलं जातं. त्यातलं अर्धं त्या दोन खोल्यांमध्ये कमावलेलं आहे, हे मला ठाऊक आहे आणि मी ते सांगत असते, कुणी विचारो न विचारो.

चिमी आता बारा वर्षांची आहे. मावशी बहात्तरची. तिच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी सकाळी चिमी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाते. मागच्या रविवारी मी तिला आणायला गेले तर दोघींचं जोरात भांडण चाललं होतं. शब्दकोड्यात आडवा सातवा शब्द काय असावा यावरून. मावशीचं म्हणणं एक, चिमीचं दुसरं, आणि दोघींपैकी कुणीच माघार घेईना. मी अंगणातल्या पायरीवर बसून घेतलं. घाई नव्हती.